दगड शहराचा, खड्डा गावाचा

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात घरासाठी, रस्त्यासाठी, पुलासाठी आणि अलीकडे वाळूच्या ऐवजीही जो दगड वापरला जातो, तो दख्खनच्या काळ्या पाषाणातून खणून काढलेला असतो. नदीतील वाळूच्या उपशावर निर्बंध आले, तसतसा हा भार दगडाकडे सरकला. २०२५ साली राज्य शासनाने कृत्रिम वाळूला उत्तेजन देणारे धोरण स्वीकारले. म्हणजे यापुढे डोंगर आणि माळ अधिकच वेगाने खडीयंत्रांच्या तोंडी जाणार, हे उघड आहे. नदी वाचावी म्हणून हे होणार असेल तर त्याला तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. घरे बांधली पाहिजेत, रस्ते झाले पाहिजेत, आणि त्यासाठी दगड हवाच. प्रश्न दगड काढावा की न काढावा, असा नाहीच. दगड काढून झाल्यावर जो खड्डा उरतो तो कोणाचा, त्याचे काय करावयाचे, आणि त्याचा खर्च कोणी द्यावयाचा, हा खरा प्रश्न आहे. तो विचारला जात नाही, आणि म्हणूनच त्याचे उत्तर दर पावसाळ्यात एखादे बुडालेले मूल देऊन जाते.

पुण्याच्या पूर्वेला नगर रस्त्यावर वाघोली, भावडी, लोणीकंद या परिसरात जे घडले, ते या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. गेल्या काही दशकांत पुणे शहराने जी वाढ अनुभवली, तिची खडी मोठ्या प्रमाणावर या माळांनी पुरवली. २०२१ साली वाघोलीचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. ज्या शहराने गावाचा दगड नेला, त्याच शहराने पुढे गावही पोटात घेतले. खाणी मात्र जागच्या जागी आहेत. काही चालू, काही थकलेल्या, काही पाण्याने भरलेल्या. त्यांच्या काठाशी एकीकडे नव्या गृहसंकुलांच्या भिंती आल्या आहेत, तर दुसरीकडे खाणकामगारांच्या पत्र्याच्या झोपड्या आहेत. एका बाजूला दगडाचा उपभोग आणि दुसऱ्या बाजूला दगडाचे श्रम, आणि दोहोंच्या मध्ये कुंपण नसलेला उभा कडा. आपल्या नागरीकरणाचा हा उभा छेदच म्हणावयाचा.

मोजला जाणारा दगड, न मोजला जाणारा खड्डा

खडी, मुरूम, माती, बांधकामाचा दगड यांना कायदा 'गौण खनिज' म्हणतो. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने या गौण खनिजांविषयी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला. शब्दाचा परिणाम धोरणावर होतो, तो असा. लोखंड, बॉक्साइट, चुनखडी ही 'प्रमुख' खनिजे; त्यांच्या खाणींसाठी खाण बंद करण्याची योजना आधीच सादर करणे २००३ पासून बंधनकारक आहे, आणि ती पार पाडली जाईल याची आर्थिक हमीही द्यावी लागते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनी ही हमी मोठ्या खाणींसाठी हेक्टरी ३ लाख रुपये केली, आणि पुढे ती आणखी वाढवण्यात आली. रक्कम पुरेशी आहे की नाही यावर वाद होऊ शकेल. पण खाणीचा शेवट हा खाणीच्या हिशेबाचा भाग आहे, एवढे तत्त्व तेथे मान्य झाले. गौण खनिज मात्र या केंद्रीय नियमांच्या कक्षेबाहेर राहिले. वस्तुतः लोखंडाची खाण राज्याच्या एखाद्या कोपऱ्यात असते. दगडाची आणि मुरमाची खाण मात्र जवळजवळ प्रत्येक तालुक्यात असते. जे सर्वत्र आहे त्यालाच आपण गौण ठरवले.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात, पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी लागेल, असा निर्णय दिला. क्षेत्राचे लहान लहान तुकडे पाडून मंजुरी चुकवण्याची युक्ती न्यायालयाने नेमकी ओळखली. २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने ५०० मीटरांच्या आतील खाणपट्टे एक समूह मानून त्यांचा एकत्रित विचार व्हावा, असे म्हटले. या दोन्ही गोष्टी स्वागतार्ह होत. परंतु मंजुरीची अट आणि नियोजन यांत फरक आहे. मंजुरीच्या कागदात झाडे लावण्याचे वचन असते, कुंपणाचे वचन असते, पाण्याच्या फवाऱ्याचे वचन असते. ते वचन पाळण्यासाठी लागणारा पैसा पट्टा संपण्याच्या दिवशी कोणाच्या खात्यात असेल, याचे उत्तर त्या कागदात बहुधा नसते.

शासनाचा संबंध येतो तो ब्रासशी. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. ब्रासमागे स्वामित्वधन, आणि परवान्याशिवाय नेला तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. तहसीलदाराच्या पथकाने पकडलेल्या डंपरची बातमी वृत्तपत्रांत येते, दंडाचा आकडा छापला जातो, आणि राज्याने आपले कर्तव्य केले असे सर्वांना वाटते. स्वामित्वधन भरून काढलेला दगड आणि चोरून काढलेला दगड यांत महसुलाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक आहे. जमिनीच्या दृष्टीने मात्र काही फरक नाही. दोहोंचा खड्डा सारखाच असतो.

अर्थशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. के. विल्यम कॅप यांनी १९५० साली खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले, की उद्योजकाच्या हिशेबात जो खर्च दिसत नाही तो नाहीसा झालेला नसतो. तो कामगाराच्या शरीरावर, शेजाऱ्याच्या विहिरीवर आणि पुढच्या पिढीच्या जमिनीवर ढकललेला असतो. जे. आर. हिक्स यांनी १९३९ साली उत्पन्नाची जी व्याख्या केली, तिचा आशयही येथे लागू पडतो: आरंभी होतो तितकेच संपन्न शेवटी राहून जे खर्च करता येते तेच उत्पन्न. गिरणीचा मालक यंत्राचा घसारा काढून ठेवतो. न काढला तर हिशेबतपासनीस त्याला जाब विचारतो. दगडखाणीत तर यंत्र झिजत नाही, जमीनच विकली जाते. तरीही तिचा घसारा शून्य धरून निघालेल्या आकड्याला आपण नफा आणि महसूल म्हणतो. हे उत्पन्न नव्हे. हे भांडवल मोडून खाणे आहे.

कडा उभा का राहतो?

खाणचालक निष्काळजी असतो, लोभी असतो, असे म्हणून हा प्रश्न निकालात काढणे सोपे आहे. पण व्यवस्थेचा दोष व्यक्तीच्या माथी मारणे हा समाजवादी विचाराचा मार्ग नव्हे. उभा कडा का राहतो याचे गणितच मांडून पाहिले पाहिजे.

दगडखाणीचा सुरक्षित आकार कसा असावा हे सर्वांना ठाऊक आहे. ती पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेली पाहिजे. मुरूम आणि माती यांच्या भुसभुशीत थरात पायरीची उंची दीड मीटरहून अधिक नसावी आणि रुंदी उंचीपेक्षा कमी नसावी, हा दंडक धातुखाणींच्या १९६१ च्या विनियमांनीच घालून दिला. कठीण पाषाणात पायरी सहा मीटरांपर्यंत उंच धरली, आणि रुंदी तितकीच ठेवली, तर वीस मीटर खोल खाणीची बाजू सुमारे वीस मीटर आत सरकते. शिवाय पट्ट्याच्या हद्दीलगत साडेसात मीटरांची पट्टी न खणता सोडण्याची अट असते.

आता एक हेक्टरचा, म्हणजे शंभर मीटर लांब व शंभर मीटर रुंद असा पट्टा घ्यावा. कडे सरळ उभे ठेवून तो हद्दीपर्यंत वीस मीटर खणला तर २ लाख घनमीटर दगड निघतो. नियमाप्रमाणे पट्टी सोडून आणि पायऱ्या ठेवून खणला तर निघतो केवळ ८७ हजार घनमीटर. म्हणजे नियम पाळणाऱ्याला ५६ टक्के दगडावर पाणी सोडावे लागते. शेजारचा पट्टेदार नियम मोडत असेल, खडीचा भाव सर्वांना एकच असेल आणि कंत्राटदार कमीत कमी भावाच्या खडीलाच शोधत असेल, तर नियम पाळणाऱ्याचे दिवाळे निघाल्याशिवाय राहणार नाही. उभ्या कड्याचे रहस्य ते हेच.

याउलट असेच चार पट्टे एकत्र करून चार हेक्टरांची एकच खाण आखली तर? हद्दीची पट्टी फक्त बाहेरून सोडावी लागेल, पायऱ्याही फक्त बाहेरच्या बाजूंना राहतील. त्याच नियमांत या एकत्र खाणीतून सुमारे ५ लाख ४७ हजार घनमीटर दगड निघेल. चार स्वतंत्र खाणींतून निघाला असता ३ लाख ४९ हजार. सुमारे दोन लाख घनमीटरांचा हा अधिक दगड कोणत्याही नव्या माळाला हात न लावता मिळतो. शिवाय दोन खाणींच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या, कधीही कोसळतील अशा अरुंद भिंती राहत नाहीत. चार रस्त्यांऐवजी एक रस्ता लागतो, चार ठिकाणच्या सुरुंगांऐवजी एका ठिकाणी ठरलेल्या वेळी सुरुंग उडतो, आणि काम संपल्यावर चार विहिरींसारख्या खड्ड्यांऐवजी वापरता येईल असे एक विस्तीर्ण तळ मिळते.

सारांश, जमिनीच्या तुकड्यातुकड्याने चाललेला खासगी व्यवहार येथे अधिक कार्यक्षम ठरत नाही. तो दगडही वाया घालवतो आणि जमीनही. नियोजन म्हणजे उत्पादनाला लगाम, हा जो समज अलीकडे रूढ केला गेला आहे, त्याला दगडखाणीच्या साध्या भूमितीतच उत्तर आहे. २०१६ च्या अधिसूचनेने समूहाची कल्पना कागदावर आणलीच आहे. ती परिणामांच्या अहवालापुरती न ठेवता प्रत्यक्ष खोदकामाच्या आराखड्यापर्यंत नेली पाहिजे. पट्टेदारांची सहकारी संस्था करून, प्रत्येकाच्या क्षेत्राच्या प्रमाणात उत्पन्नाचा वाटा ठरवून, एकच आराखडा, एकच जबाबदार खाण-अभियंता आणि एकच हिशेब ठेवणे यात अशक्य असे काही नाही.

आरंभीच शेवट

पुनर्भरण हा शब्द दगडखाणीच्या बाबतीत फसवा आहे. कोळशाच्या किंवा लोखंडाच्या उघड्या खाणीत वरचा निरुपयोगी थर मोठा असतो. तो पुन्हा खड्ड्यात लोटता येतो. काळ्या पाषाणाच्या खाणीत वर वीतभर माती, खाली थोडा मुरूम आणि मग विक्रीयोग्य दगडच. तो निघून गेल्यावर खड्डा भरण्यासाठी काही उरतच नाही. तेव्हा खड्डा राहणार हे गृहीत धरून, तो कोणत्या उपयोगाचा खड्डा असावा हे पहिला सुरुंग लागण्याआधी ठरवावे लागते. नंतर ठरवून उपयोग नसतो. उभ्या कड्याला पायऱ्या नंतर पाडता येत नाहीत, कारण तोवर शेजाऱ्याची हद्द, रस्ता किंवा घर काठाशी येऊन ठेपलेले असते.

हे नियोजन गूढ नाही. वरची माती प्रथम वेगळी काढून, फार उंच ढीग न करता, गवत पेरून राखून ठेवावी. ती मुरमात मिसळली की कायमची गेली. क्षेत्राचे भाग पाडावेत, आणि पहिल्या भागातील दगड संपून दुसऱ्यात काम सुरू झाले की पहिल्याच्या पायऱ्यांवर मुरूम व माती पसरून करंज, कडुनिंब, बाभूळ आणि चाऱ्याचे गवत लावावे. तळ पाणी धरणार असेल तर डंपर चढण्यासाठी केलेला उताराचा रस्ता मोडू नये. जनावरांना पाण्यापर्यंत जाण्याची आणि पाण्यात पडलेल्या माणसाला बाहेर येण्याची तीच वाट असते. उभ्या कड्याच्या डोहात पोहणारा माणूसही बुडतो, तो पोहता येत नाही म्हणून नव्हे, तर धरावयास जागा नसते म्हणून. आणि कोणत्याही परिस्थितीत शहराचा घरगुती कचरा या खड्ड्यात टाकू नये. काळा पाषाण वरून अभेद्य दिसला तरी त्याला सांधे आणि भेगा असतात. सुरुंगांनी त्या अधिक मोकळ्या होतात, आणि कचऱ्याचे पाणी त्याच वाटेने शेजारच्या विहिरींत उतरते.

आधी उपयोग ठरवून मग खोदावे, याचा एक लहानसा पण बोलका अनुभव महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या कामासाठी लागणारा मुरूम व माती तलावांतून आणि नाल्यांतून घेण्यात आली. रस्त्याला भराव मिळाला आणि गावाला खोल झालेला तलाव. 'बुलढाणा पॅटर्न' म्हणून तो गाजला. त्याच्या गाजावाजाकडे दुर्लक्ष केले, आणि त्यात सोडून द्याव्या लागलेल्या स्वामित्वधनाची नोंद घेतली, तरी मूळ तत्त्व शिल्लक राहते. खड्डा हा उत्पादनाचा उकिरडा न मानता स्वतःच एक उत्पादन मानला, की त्याची जागा, खोली आणि आकार वेगळ्या विचाराने ठरतात.

ब्रासमागे ठेव

पैशाचा प्रश्न राहतो. तो सोडवण्याची रीत खनिजाच्या विक्रीतच आहे. इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायर आणि आसपासच्या परगण्यांत लोहदगडाच्या उघड्या खाणींनी शेतजमीन उद्ध्वस्त केली, तेव्हा १९५१ च्या कायद्याने एक निधी स्थापन झाला. काढलेल्या प्रत्येक टनामागे त्यात वर्गणी पडे आणि त्यातून जमीन पुन्हा सपाट करून शेतीखाली आणली जाई. कॅलिफोर्नियाने १९७५ च्या कायद्यान्वये वाळू व खडीच्या खाणींनाही पुनर्वापराचा आराखडा सक्तीचा केला, आणि पुढे त्यासाठी आर्थिक हमीची जोड दिली. ही दोन्ही राज्ये भांडवलशाहीचीच होती. जे त्यांना परवडले ते समाजवादाचा उच्चार आपल्या संविधानात करणाऱ्या देशाला परवडू नये, हे चमत्कारिक आहे.

पण दूर जाण्याचेही कारण नाही. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीपासून, ज्याचे पहिले अध्यक्षपद प्रा. धनंजयराव गाडगीळांनी सांभाळले, महाराष्ट्रातील ऊस उत्पादकाला टनामागे ठेव कापून घेण्याची रीत परिचित आहे. परतीची ठेव, बिनपरतीची ठेव हे शब्द ग्रामीण महाराष्ट्रात मुलांनाही ठाऊक असतात. जो शेतकरी कारखाना उभारण्यासाठी टनामागे ठेव देऊ शकतो, त्याच्या गावातील खडीच्या धंद्याला जमीन सावरण्यासाठी ब्रासमागे ठेव देता येऊ नये काय?

वर घेतलेल्या चार हेक्टरांच्या एकत्र खाणीचेच उदाहरण पुढे नेता येईल. ५ लाख ४७ हजार घनमीटर घट्ट दगड फुटल्यावर त्याचे आकारमान सुमारे दीडपट होते, असे धरले तर २ लाख ९० हजार ब्रास खडी होते. ब्रासमागे केवळ २५ रुपये ठेव कापली तरी खाण संपेपर्यंत, व्याज न धरता, साडेबहात्तर लाख रुपये जमतात; म्हणजे हेक्टरी सुमारे १८ लाख. ज्या खडीचा ब्रासचा भाव हजारांत मोजला जातो, तिच्या किमतीत २५ रुपयांनी घर महाग होणार नाही. झालेच तर एवढेच होईल, की घर बांधणाऱ्याला आपल्या घराची खरी किंमत कळेल, आणि त्यातला काही भाग वाघोलीच्या किंवा भावडीच्या माळाने गुपचूप भरावयाचे थांबेल.

हा पैसा सामान्य महसुलात जाता कामा नये. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. खाणबाधितांच्या हितासाठी निधी वेगळा काढण्याचे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले, हे महत्त्वाचेच. पण जिल्ह्याच्या एका पेटीत जमणारा पैसा आणि विशिष्ट खाणीच्या विशिष्ट खड्ड्यासाठी राखलेली ठेव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गोव्याच्या खाणींसंबंधी २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लोहखनिजाच्या विक्रीच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्याचा आदेश दिला. खनिज ही एका पिढीने उधळण्याची चीज नव्हे, हे तेथे देशाच्या सर्वोच्च पीठाने मान्य केले. गोव्याचे खनिज भावी पिढ्यांचे असेल तर हवेली तालुक्यातील माळ कोणाचा?

खाणीबरोबर माणूसही

पुनर्वापराच्या साऱ्या आराखड्यांत एक वगळलेला घटक असतो, आणि तो म्हणजे खाणीतच राहणारा माणूस. महाराष्ट्रातील दगडाचे काम पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने केले. दगड वाहणारे गाडीवडार, मातीकाम करणारे मातीवडार, जाती-पाटे घडवणारे पाथरवट, ही या समाजाच्या कौशल्याचीच नावे आहेत. या विमुक्त जातीने राज्याची धरणे, रस्ते आणि किल्ल्यांचे तट उभे केले. आणि यंत्रे आल्यावर ती आपल्याच खाणीत दुसऱ्याची मजूर झाली. तिच्याबरोबर आज मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तरेकडील राज्यांतून आलेली कुटुंबेही दगड फोडतात. वस्ती खाणीच्या काठाशी, मालकाच्या मर्जीने, पाणी टँकरचे, पत्ता खाणीचा. खाण संपली की पत्ताही संपतो, आणि त्याबरोबर शिधापत्रिका, मतदारयादीतील नाव आणि मुलांची शाळा. वाघोली परिसरात 'संतुलन' या संस्थेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खाणकामगारांच्या मुलांसाठी पाषाणशाळा सुरू केल्या, तेव्हा कोठे या मुलांची मोजदाद होऊ लागली. जे काम शासनाच्या आराखड्यात पहिल्या पानावर असावयास हवे, ते स्वयंसेवी कार्यकर्त्यांना पदरमोड करून करावे लागले.

कायद्याने या कामगारांना संरक्षण दिले नव्हते असे नाही. १९५२ च्या खाण कायद्याने सहा मीटरांहून उथळ, पन्नासांहून अधिक कामगार नसलेल्या आणि स्फोटके न वापरणाऱ्या दगड-मुरमाच्या खाणींना बहुतांश तरतुदींतून सूट दिली होती; सुरुंग लावणारी प्रत्येक खाण तेव्हाही कायद्याच्या पूर्ण कक्षेत होती. ती कक्षा खाणीच्या काठापर्यंत क्वचितच पोहोचली. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला आहे. संहितेची भाषा कशीही असो, निरीक्षक खाणीवर येतो की नाही यावरच तिची किंमत ठरेल.

कामगार चळवळीनेही येथे आत्मपरीक्षण करावयास हवे. ब्रासमागे मजुरी किती, यासाठी लढे झाले. होणे आवश्यकच होते. पण खाण किती वर्षे चालणार, ती संपल्यावर या हातांना काम काय, आणि वस्तीची जागा कोणाच्या नावे होणार, हे प्रश्न मागणीपत्रकात क्वचितच आले. १९७२ च्या दुष्काळात हजारो स्त्री-पुरुषांनी दुष्काळी कामावर खडी फोडली. त्या खडीचे ढीग रस्त्यांच्या कडेला पडून राहिले, आणि त्यातूनच टिकाऊ मत्ता निर्माण करणाऱ्या कामांची मागणी पुढे आली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यामागे हा अनुभव होता. दगडखाणीच्या बाबतीत हाच धडा पुन्हा गिरवावयाचा आहे. पायऱ्या घडवणे, माती पसरणे, झाडे जगवणे, बांध घालणे हे मातीवडाराच्या हातचे काम आहे. ठेवीच्या पैशातून ते त्याच कुटुंबांना मिळाले, आणि सावरलेल्या जमिनीवर त्यांच्या वस्तीला व त्यांच्या सहकारी संस्थेला पहिला हक्क मिळाला, तर खाण संपणे म्हणजे माणसे उठवणे, हे समीकरण मोडेल.

यावर आक्षेप येतील. लहान पट्टेदार बुडेल, असे म्हटले जाईल. वस्तुतः तुकड्याच्या खाणीतच तो बुडतो, एकत्र आराखड्यात त्याला अधिक दगड कायदेशीरपणे मिळतो. ठेवीमुळे चोरटे उत्खनन वाढेल, असेही म्हटले जाईल. चोरटे उत्खनन ठेवीमुळे होत नाही, गावाच्या डोळ्यांआड हिशेब राहिल्यामुळे होते. कोणत्या गटात किती ब्रास निघाला, किती ठेव जमा झाली, हे दर तिमाहीस ग्रामसभेत, आणि गाव महापालिकेत गेले असेल तर प्रभागसभेत, वाचून दाखवणे सक्तीचे करावे. पहारा करणारे डोळे आपोआप वाढतील. आणि जेथे खाण गायरानावर आहे तेथे तर ग्रामसभेच्या संमतीवाचून आराखडाच ग्राह्य धरू नये. गावाच्या सामाईक जमिनी खासगी हातांतून सोडवून गावाला परत करा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात बजावले आहे. खड्डा करून परत केलेले गायरान हे परत केलेले गायरान नव्हे.

तेव्हा मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. समूहातील सर्व खाणपट्ट्यांचा एकच खोदकामाचा आणि पुनर्वापराचा आराखडा. तो मंजूर झाल्याशिवाय पट्टा नाही. ब्रासमागे ठेव, खाणीगणिक वेगळ्या खात्यात, ग्रामसभेच्या नजरेखाली. काम संपलेल्या भागाची सुधारणा झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पुढच्या भागात सुरुंग नाही. खाणकामगारांच्या वस्तीची जागा त्यांच्या नावावर, आणि सुधारणेच्या कामावर त्यांचा पहिला हक्क. यातील एकाही मागणीसाठी क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्याकडे १९५७ पासून आहे. नव्या पट्ट्यांची आणि कृत्रिम वाळूच्या यंत्रांची मंजुरी सुरू झाली आहे. या खाणींचा शेवट आज ठरवला नाही, तर आणखी वीस वर्षांनी तो पाण्याने भरलेला असेल, आणि त्याच्या काठावर कोणाची मुले खेळत असतील हे आजच सांगता येते.